निरोप पोचला का?

मागच्या वेळी आपण गावच्या पोलीस पाटलाच्या कामाविषयी बोललो. तेव्हा एका गटातून प्रश्न आला: "पोलीस पाटलाला सांगितलेली गोष्ट पुढे कुठे जाते? आणि दिल्लीला कळलेली गोष्ट आपल्या पोलीस ठाण्यापर्यंत येते का?" आज आम्ही याच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. तो आपल्याच राज्यात, आपल्याच किनाऱ्यावर घडला आहे.

आपल्या राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. पोलीस ठाणे, जिल्ह्याचे पोलीस, राज्याचा गुप्तवार्ता विभाग हे सारे राज्य सरकारच्या हाताखाली. गुप्तचर विभाग म्हणजे आयबी, कस्टम, तटरक्षक दल, नौदल हे केंद्राचे. प्रत्येकाचा साहेब वेगळा, दप्तर वेगळे. चोर मात्र हद्द पाहून येत नाही.

१९९३ सालचे जानेवारी आणि फेब्रुवारी महिने. रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी इथे रात्री होड्यांतून माल उतरला. त्यात शस्त्रे होती आणि आरडीएक्स नावाचे स्फोटक होते. किनाऱ्यावर शस्त्रे उतरू शकतात, अशी सूचना कस्टम खात्यात आधीच आलेली होती. पण ज्यांनी माल अडवायचा, त्यांतल्याच काही पोलिसांनी आणि कस्टमवाल्यांनी पैसे घेऊन वाट मोकळी केली. पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली.

त्याच वर्षी केंद्राने गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. गुन्हेगार, काही पुढारी आणि काही अधिकारी यांच्या साटेलोट्याविषयी तिने लिहिले. प्रत्येक खात्याकडे माहितीचा एकेक तुकडा आहे, पण ते तुकडे एका जागी येत नाहीत, हेही तिने सांगितले. सगळ्यांची माहिती गोळा करणारी एक जागा गृहखात्यात असावी, असे तिने सुचवले.

अशी जागा व्हायला कारगिलचे युद्ध व्हावे लागले. त्यानंतर २००१ साली आयबीमध्ये 'मल्टी एजन्सी सेंटर' सुरू झाले. अनेक खात्यांची माहिती तिथे एकत्र यावी, हा हेतू. पण केंद्र काढले म्हणून सवय बदलत नाही. आपल्या गटाचेच पाहा. वही आणली म्हणून हिशेब लिहिला जात नाही, कुणीतरी दर आठवड्याला बसून लिहावा लागतो.

मग आली २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. दहा हल्लेखोर समुद्रातून मुंबईला आले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरले. तिथल्या कोळी बांधवांनी त्यांना हटकले, "कुठले तुम्ही?" उलट उत्तर मिळाले. लोकांनी पोलिसांना सांगितले, पण फारशी दखल घेतली गेली नाही, असे तेव्हा छापून आले. वरूनही सूचना आल्या होत्या. समुद्रातून हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेले लक्ष्य असू शकतात, असे केंद्राकडून राज्याला कळवले गेले होते. राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने तपासले, तेव्हा या सूचना नीट हाताळल्या गेल्या नाहीत, असेच दिसले. म्हणजे वरून आलेला निरोप खाली नीट पोचला नाही, आणि खालून दिलेला वर गेला नाही. १६६ माणसे गेली.

पण त्याच रात्री एक निरोप मात्र वेळेवर पोचला. दोन हल्लेखोर चोरलेल्या स्कोडा गाडीतून निघाले. गाडीचे वर्णन वायरलेसवरून सगळीकडे गेले. गिरगाव चौपाटीवर पोलिसांनी नाकाबंदी केली. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी घेऊन पुढे झाले. त्यांनी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणून एक हल्लेखोर जिवंत सापडला आणि सारा कट उघड झाला.

त्यानंतर ३१ डिसेंबर २००८ ला नवा आदेश निघाला. ते केंद्र चोवीस तास चालू झाले. राज्याराज्यांत त्याच्या शाखा आल्या, माहिती देणे-घेणे खात्यांवर बंधनकारक झाले. राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एनआयएचा, कायदाही त्याच महिन्यात झाला. आपल्या किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाण्यांकडे जास्त लक्ष गेले, बोटींची नोंद आणि मच्छीमारांना ओळखपत्रे आली.

भगिनींनो, यात आपले काम काय? डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे: कुठे, किती वाजता, किती माणसे, गाडीचा किंवा बोटीचा नंबर काय. पोलीस पाटलाला सांगा, ११२ ला फोन करा, किनाऱ्यावर असाल तर १०९३ ला. आणि दोन दिवसांनी जाऊन विचारा, "आमच्या निरोपाचे काय झाले?" हे विचारणे हा आपला हक्क आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली होती. जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. माणूस परका आहे, त्याची भाषा वेगळी आहे, कपडे वेगळे आहेत, ही माहिती नव्हे. तो नुसता संशय. माहिती पोलिसांना द्यायची, मोबाईलवर गावभर पसरवायची नाही.

निरोप अडला म्हणून माणसे गेली, आणि खोटा निरोप पसरला म्हणूनही गेली. पुढच्या बैठकीत गटात एवढे बोला: आपल्या गावातला निरोप कुणाकडे जातो, आणि तो पोचला की नाही, हे आपल्याला कळते का? उत्तर आम्हाला जरूर कळवा.