अत्तराचा तोळा

ईदसाठी घेतलेली ‘एक तोळा’ अत्तराची बाटली मी घरी काट्यावर ठेवली. तशाच रिकाम्या बाटलीचे वजन वजा केले, तर अत्तर भरले जेमतेम सव्वादहा ग्रॅम. तोळा तर 11.66 ग्रॅमचा! वाटले, फसवले.

मग अल-खाझिनी आठवले. गुलामीतून मुक्त झालेले मर्वचे हे विद्वान. 1121 च्या सुमारास त्यांनी तराजूवर ‘मिझान अल-हिकमा’ हा ग्रंथ लिहिला. अल-बिरुनींच्या मोजमापांचा आधार घेत त्यांनी धातू, रत्ने आणि द्रवपदार्थ सारख्याच आकारमानात किती भरतात, याची कोष्टके दिली. पाणी 1, तर ऑलिव्ह तेल 0.92. हेतू एकच : भेसळ ओळखणे.

माझी बाटली 12 मिलिलिटरची. तेवढे चंदनतेल सुमारे 11.7 ग्रॅम, म्हणजे तोळाभर भरते. माझे अत्तर हलक्या तेलातले, म्हणून वजन कमी. दुकानदाराने मापात कसर केली नव्हती. वजनाचे नाव मापाला दिले होते, इतकेच.

पण हे ‘इतकेच’ लहान नाही. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप आणि वजन या दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख आहे. पुढच्या वेळी मी विचारणार : ग्रॅम की मिलिलिटर?