जावे की न जावे : कारागिराच्या प्रवासाविषयी काही विचार

हातअवजारांनी लाकूडकाम करणाऱ्यांचा मेळा दूरच्या गावी भरायचा असला, की त्या कलेत रमणाऱ्या माणसापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो. जावे की न जावे? वाटखर्च आहे, बुडणारी रोजी आहे, घरच्यांच्या अडचणी आहेत. शिवाय जे तेथे पाहायचे ते आता छायाचित्रांत, चित्रफितींत, पुस्तकांत घरबसल्या दिसते. हा प्रश्न वरकरणी खासगी आणि किरकोळ वाटतो. परंतु युरोप-अमेरिकेतील लाकूडकामाचा इतिहास वाचू लागले, की या प्रश्नाचे उत्तर कोणी द्यायचे हेच वेळोवेळी बदलत गेलेले दिसते. एके काळी ते कारागिरांच्या संघाने दिले. एकदा राजसत्ता आणि कामगार यांच्यातील घासाघिशीतून ते ठरले. आज ते ज्याचे त्याने द्यायचे आहे. या तीन टप्प्यांचा विचार येथे करावयाचा आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक असून रंध्याच्या वाटेला का जातो आहोत, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर ओघात येईलच.

जर्मन भाषिक प्रदेशांत उमेदवारी संपलेल्या कारागिराने गाव सोडून हिंडावे अशी रीत मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून रूढ होत गेली. उस्तादपद हवे असेल तर आधी परमुलखात काम करून यावे लागे. ही भ्रमंती आजही काही तरुण सुतार स्वेच्छेने पत्करतात. तीन वर्षे आणि एक दिवस घराबाहेर राहायचे, आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचे नाही, निघताना अविवाहित आणि ऋणमुक्त असायचे, असे तिचे नियम आहेत. येथे 'जावे की न जावे' हा प्रश्नच उद्भवत नव्हता. संघाचा दंडक होता, आणि त्यामागे व्यवहारही होता. जाणाऱ्याला परगावची हातोटी मिळे, आणि गावातल्या उस्तादांच्या डोक्यावरचा नव्या स्पर्धकाचा भार काही वर्षे टळे. ज्ञानप्रसार आणि मक्तेदारी हे दोन्ही हेतू एकाच दंडकात नांदत होते, हे विसरून त्या भ्रमंतीकडे केवळ रम्य दृष्टीने पाहता येणार नाही.

फ्रान्समध्ये याच प्रथेला 'तूर द फ्रान्स' म्हणत. सायकलींची शर्यत हे नाव घेऊन पुढे फार उशिरा आली. या प्रवासाचे सर्वांत बोलके वर्णन आपल्याला एका सुतारानेच दिले आहे. आग्रिकोल पेर्दिगिये याचा जन्म १८०५ मध्ये आविन्योंजवळच्या मोरिएर येथे झाला. बाप सुतार, मुलगा सुतार. १८२४ ते १८२८ या काळात त्याने फ्रान्सची फेरी पूर्ण केली. गावोगावी संघाचे एक घर असे आणि ते चालवणाऱ्या बाईला सगळे 'आई' म्हणत. नव्याने आलेल्याला काम मिळवून देण्याची जबाबदारी संघातल्याच एकावर असे. निघणाऱ्याला वेशीपर्यंत समारंभाने पोचवले जाई. परंतु याच वाटांवर प्रतिस्पर्धी पंथांचे कारागीर समोरासमोर आले की काठ्या चालत आणि डोकी फुटत. पेर्दिगियेने हे सारे पाहिले आणि त्याने हाती लेखणी धरली. १८३९ मध्ये त्याचा या संघांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात रीतिरिवाजांच्या नोंदी होत्या आणि पंथभेद मिटवण्याचे आवाहनही होते. तो वाचून प्रभावित झालेल्या जॉर्ज सँड यांनी १८४० मध्ये एका फिरत्या सुतारालाच कादंबरीचा नायक केले, आणि त्यांच्या मदतीने पेर्दिगिये समेटाचा संदेश घेऊन पुन्हा एकदा फ्रान्सभर फिरला. पहिला प्रवास संघाच्या दंडकाने झाला होता, दुसरा त्याच्या स्वतःच्या निश्चयाने. १८४८ च्या क्रांतीनंतर तो लोकप्रतिनिधी झाला, १८५१ च्या सत्तापालटानंतर त्याला देशत्याग करावा लागला, आणि त्या हद्दपारीच्या काळात त्याने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की एकोणिसाव्या शतकातील कामगाराच्या आत्मचरित्राचा एक आद्य नमुना हा मूलतः प्रवासवृत्तान्त आहे.

आपल्याकडचे चित्र याच्या अगदी उलट होते. बलुतेदार सुतार गावाला बांधलेला. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती करायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ती व्यवस्था. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात तिचे जे वर्णन आहे, त्यात सुताराला स्थान आहे, हक्क आहे, पण वाट नाही. हिंडत होते ते घिसाडी. लोखंडी अवजारे घडवीत आणि शेवटीत ते गावोगाव फिरत. म्हणजे तिकडे सुतार अवजारांकडे आणि उस्तादांकडे चालत गेला, तर येथे अवजार घडवणारा कुळवाड्याच्या आणि सुताराच्या दारी चालत आला. विद्येच्या प्रसाराची ही दोन निराळी रूपे आहेत. एकात कारागिराची हातोटी हिंडते. दुसऱ्यात वस्तू हिंडते आणि हातोटी जातीच्या कुंपणात राहते. या फरकाचे परिणाम आपल्या कारागिरीच्या इतिहासात खोलवर गेले असले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

दुसरा टप्पा १८६२ चा. त्या वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. फ्रान्समधून कामगारांचे प्रतिनिधी तेथे पाठवावेत, अशी कल्पना तिसऱ्या नेपोलियनच्या निकटवर्ती वर्तुळातून पुढे आली. संघांची सक्ती तोवर ढिली पडली होती. रेल्वे आणि आगबोट आली होती. जाणे सोपे झाले होते. अवघड होते ते जाण्याचे ठरवणे, कारण खर्चाचा मोठा भाग सरकारी आश्रयातून येणार होता. संप करणे ज्या राज्यात गुन्हा, त्याच राज्याच्या पैशाने लंडन पाहायला जायचे का? आंरी तोलँ या ब्राँझवर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने १८६१ मध्ये 'लोपिनियों नासियोनाल' या पत्रात या कोंडीवर नेमके बोट ठेवले. पुढाकार वरून आला तर कामगारांचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि खालून आला तर त्याच्या वाटेत अडथळे उभे राहतात. तेव्हा आम्हांला मोकळे सोडा, आमचे आम्ही संघटित होऊ द्या, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अखेर तोडगा निघाला. प्रतिनिधी कामगारांनीच आपापल्या व्यवसायातून निवडायचे असे ठरले, आणि पॅरिसचे सुमारे २०० प्रतिनिधी लंडनला गेले. त्यांत सुतार आणि फर्निचर घडवणारेही होते.

त्यांनी परत आल्यावर आपापल्या व्यवसायाचे अहवाल लिहिले आणि ते छापले गेले. प्रदर्शनातील वस्तूंची बारकाईने पारख त्यांत आहेच. परंतु वाचणाऱ्याचे लक्ष वेधून घेतो तो दुसराच भाग. इंग्रज कामगाराची मजुरी जास्त आहे, त्याचे कामाचे तास कमी आहेत, त्याला संघटना करता येते, हे या पाहुण्यांनी टिपून आणले. यंत्रे आणि कौशल्य पाहायला धाडलेली माणसे हक्क पाहून आली. १८६४ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये संपावरील फौजदारी बंदी उठली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची स्थापना झाली, तेव्हा फ्रेंच प्रतिनिधींमध्ये तोलँ होता. या सगळ्याचे श्रेय एका प्रवासाला देणे भाबडेपणाचे ठरेल. पण ते निमंत्रण संशयापोटी सरसकट झिडकारले असते, तर दोन देशांच्या कामगारांची ही ओळख त्या रीतीने झाली नसती, एवढे निश्चित म्हणता येते.

येथे मराठी वाचकाला १८८५ ची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. ग्रंथकारांच्या संमेलनाचे न्यायमूर्ती रानडे यांनी धाडलेले निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. सर्व माणसांचे हक्क जे ग्रंथांत आणि व्यवहारात मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, आमच्या माणसांनी आपला विचार आपणच केला पाहिजे, हा त्या पत्राचा आशय सर्वांना ठाऊक आहे. तोलँ गेला, फुले गेले नाहीत. तरी दोघांनी विचारलेला प्रश्न एकच होता : बोलावणारा कोण, आणि कोणत्या अटींवर? तोलँच्या बाबतीत अट बदलून घेता आली. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कामगारांच्या हाती आला. फुल्यांच्या समोर जी सभा होती तिचा पायाच त्यांना अमान्य होता. म्हणून एकाचे जाणे आणि दुसऱ्याचे न जाणे ही दोन्ही आम्हांला सुसंगत कृत्ये वाटतात. न जाणे हेही उत्तर असू शकते. मात्र त्याचे कारण लिहून ठेवावे लागते. फुल्यांनी ते लिहून ठेवले म्हणून ती अनुपस्थिती आपल्या वाङ्मयेतिहासातील एक घटना ठरली.

तिसरा टप्पा आपल्या काळातला. अमेरिकेत आयोवा राज्यातील अमाना या गावी २०१३ मध्ये 'हँडवर्क्स' नावाचा हातअवजारांचा मेळा प्रथम भरला. पुढे २०१५ आणि २०१७ मध्ये भरला, २०२० चा महासाथीमुळे होऊ शकला नाही, आणि मग २०२३ मध्ये पुन्हा भरला. रंधे, करवती, पटाश्या घडवणारे छोटे उत्पादक एका जुन्या कोठारात आपले बाक मांडतात आणि आलेल्यांना अवजार हातात घेऊन चालवू देतात. स्थळही विचार करायला लावणारे आहे. अमानाची सात गावे जर्मनीतून आलेल्या एका धार्मिक पंथाने १८५५ पासून वसवली. १९३२ पर्यंत तेथे जमीन, कारखाने, स्वयंपाकघरे सारे सामायिक होते. सुताराला मजुरी नव्हती, आणि अन्नवस्त्राची चिंताही नव्हती. जेथे एके काळी कारागिराला बाजाराची गरज नव्हती, तेथे आता कारागिरीचा बाजार भरतो.

२०१५ च्या मेळ्याच्याच दिवसांत जवळच्या सीडर रॅपिड्स शहरात हेन्री स्टडली याची अवजारपेटी पाहायला ठेवली होती. स्टडली (१८३८–१९२५) मॅसॅच्युसेट्समधील एका पियानो कारखान्यात कामाला होता. महॉगनी, शिसवी काळे लाकूड, हस्तिदंत आणि शिंपला यांनी सजवलेली त्याची पेटी भिंतीवर टांगता येते. बंद असता जेमतेम वीस इंच रुंदीच्या या पेटीत अडीचशेच्या आसपास अवजारे अशी बसवली आहेत, की एक बाजूला सरकवल्याशिवाय मागचे दिसत नाही. खासगी मालकीची ही वस्तू १९९० च्या दशकापासून लाकूडकाम करणाऱ्या हजारो माणसांच्या भिंतीवर भित्तिचित्राच्या रूपाने होती. प्रत्येक अवजाराची जागा त्यांना पाठ होती. तरीही ते दूरदूरच्या राज्यांतून आले. छापील गाथा तोंडपाठ असलेल्या अभ्यासकाला जुनी वही डोळ्यांनी पाहावीशी वाटते, तसेच हे आहे. संहिता तीच असते. पण कागदाचा पोत, शाईचा दाब, दुरुस्तीची खूण ही छपाईत उतरत नाही. आणि त्या पेटीचे रहस्य तर अवजार सरकण्याच्या हालचालीत आहे, जी स्थिर चित्रात असूच शकत नाही.

हाताची विद्या शब्दांत उतरत नाही, हे लाकूडकामावरच्या आद्य इंग्रजी ग्रंथकारालाही माहीत होते. जोसेफ मॉक्सन याने १६७७ पासून लोहारकाम, सुतारकाम यांवर क्रमशः पुस्तिका काढल्या, आणि पुढे मुद्रणकलेवरही त्याच मालेत लिहिले. हाताचे कौशल्य शब्दांनी शिकवता येत नाही, सरावानेच येते, असे त्याने लेखनाच्या आरंभीच सांगून टाकले. आणि तरीही तो लिहीत राहिला. लिहिणे आणि जाऊन पाहणे यांत विरोध नाही, हे त्याच्या उदाहरणावरून समजते. ग्रंथ वाचलेल्याला काय पाहायचे ते कळते, आणि पाहून आलेल्याला ग्रंथात काय राहून गेले ते कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आज अमानाला जायचे की नाही हे कोणी संघ ठरवत नाही, कोणी सम्राट पैसे देत नाही. निवड पूर्णपणे मोकळी आहे, आणि याच मोकळेपणात एक उणीव आहे. पेर्दिगियेच्या काळी पोहोचल्यावर एक घर होते, काम होते, परस्परांविषयीचे कर्तव्य होते, मारामाऱ्याही होत्या. आजचा प्रवासी बहुधा ग्राहक म्हणून जातो, आणि एखादा देखणा रंधा विकत घेऊन परततो. त्याच्या खर्चात त्या गावातील एखाद्या तरुणाची उमेदवारी निभावली असती का, हा प्रश्न कोणी त्याला विचारत नाही. चर्चासत्रे आणि संमेलने यांना जाणाऱ्या आम्हा अध्यापकांनी हा प्रश्न स्वतःलाही लावून पाहावा. निबंध छापून येणारच असतात. मग जायचे कशाला? केवळ हजेरीचे प्रमाणपत्र हवे असेल, तर ती फेरी नुसत्या खरेदीहून फार निराळी म्हणता येणार नाही.

आमचा कौल जाण्याच्या बाजूने आहे, पण सशर्त. बोलावणारा कोण आणि खर्च कोणाचा हे आधी पाहावे. अट मान्य नसेल तर ती बदलून मागावी. ती बदलत नसेल तर न जाण्याचे कारण लिहून ठेवावे. आणि जाऊन आलो, तर १८६२ च्या त्या सुतारांप्रमाणे, जे मागे राहिले त्यांच्यासाठी अहवाल लिहावा. त्यात रंध्याची धार असावी, आणि तो चालवणाऱ्याला दिवसाकाठी किती मजुरी मिळते, हेही असावे.