टायरगाडी गेली, आता कोयता

माझे वडील पाथर्डी तालुक्यातले गाडीवान. मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय लागलो, म्हणून माझ्या हाती कोयत्याऐवजी तोडीच्या चिठ्ठ्या आल्या. आमच्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात, ऊस पिकवणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. हरेगावची बेलापूर कंपनी, 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, प्रवरेचे कालवे, टिळकनगरचा डहाणूकरांचा कारखाना, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभा केलेला सहकारी कारखाना, हे सगळं पोरांनाही पाठ असतं. ऊस फडातून गव्हाणीपर्यंत कुणी नेला, ते मात्र कुठंच सापडत नाही.

दसरा झाला की भगवानगडावर माथा टेकून गाड्या निघायच्या. तिसगाव, मिरी, पांढरीपूल असा रस्ता. गाडीत पीठमीठ, कोंबड्या आणि लहान पोरं. म्हातारी माणसं गावी राखणीला. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत माघारी फिरायचं नाही. आधी लाकडी चाकाच्या, लोखंडी धाव चढवलेल्या गाड्या होत्या. मग टायरगाडी आली. गाडी कारखान्याची, बैल आपले. बैलजोडीसाठी काष्टीचा नाही तर घोडेगावचा बाजार गाठायचा. टायरमुळे खेपेला ऊस जास्त बसू लागला. चाकं घडवणारे सुतार आणि धाव चढवणारे लोहार तेव्हाच कामाला मुकले. त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हजेरीत दोघांचा मिळून एकच आकडा. वडील बुडाशी वाकून तोडायचे. आई पाचट सोलून वाढ्याच्याच बंधानं मोळी आवळायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. दोघं मिळून दिवसाकाठी दीड-दोन टन. वरचे हिरवे वाढे बैलांना घालायचे, उरलेल्या पेंढ्या दूधवाल्यांना विकायच्या. तेलमिठाचा खर्च त्यातून निघायचा आणि तेवढा एकच पैसा आईच्या हातात यायचा. मुकादमाच्या वहीत तिचं नाव नव्हतं.

कारखान्यावर काट्याची रांग. थंडीत गाडीखाली घोंगडी पांघरून नंबराची वाट बघायची. गेटजवळ बैलांना पत्री मारणारे, चहाची टपरी, कंदील. सुरुवातीला मोळ्या हातानंच गव्हाणीत पडत. मग क्रेननं अख्खी गाडी रिकामी होऊ लागली आणि उतरवणारी माणसं घरी बसली. पुढं ट्रॅक्टर आले, आणि छोट्या ट्रॅक्टरमागं टायरगाड्या जोडलेलं जुगाड आलं. बैल विकले गेले, पत्रीवालेही गेले. तरीही तोपर्यंत एक वाट उघडी होती. बैल सुटले तरी गाडीवान जुगाडावर बसला किंवा ट्रॅक्टरच्या टोळीत कोयता धरायला गेला. ऊस तोडायला माणूसच लागत होता.

हार्वेस्टरनं तीही वाट बंद होत चालली आहे. यंत्र बुडातून ऊस कापतं, कांड्या करतं, शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत टाकतं. दिवसाला शंभर टनांच्या पुढं. म्हणजे पन्नासएक कोयत्यांचं काम. वाढ्याचा चुरा रानात पसरतो, बायकांची ती विक्री बुडते. यंत्राची किंमत कोटीच्या घरात; 2023 मध्ये सरकारनं त्यासाठी 40 टक्के किंवा 35 लाख, यांत कमी असेल तेवढं अनुदान जाहीर केलं. मला या यंत्राचा राग नाही. अंधारात पोटुशी बाई मोळी वाहताना मी पाहिली आहे. ते काम माणसाच्या पाठीवरून उतरावंच. पण 35 लाख यंत्राच्या मालकाला मिळत असतील, तर पन्नास जोड्यांच्या डोक्यावरच्या उचलीचं काय, हेही त्याच कागदावर यायला हवं. दरासाठी टोळ्यांनी किती संप केले, पाथर्डीच्या बबनराव ढाकण्यांनी हा प्रश्न किती वर्षं लावून धरला! जानेवारी 2024 मध्ये तोडणीला 34 टक्के वाढ मिळाली. चांगलंच झालं, पण वाढ टनावर मिळते, आणि टन तर यंत्राकडं निघालेत.

शिवाय यंत्राला रान निवडून लागतं. रुंद सरी, सरळ उभा ऊस, वळायला जागा, कोरडी जमीन. पडलेला, गुंतलेला ऊस, बांधाकडंची अर्ध्या एकराची तुकडी, पाण्यानं चिबडलेली काळी जमीन, ही टोळीच्या वाट्याला. उभ्या उसात जोडी दोन टन पाडायची, तिथं पडलेल्या उसात एक टन निघताना हात सोलतात. चिठ्ठीवर मात्र दर तोच. निदान पडलेल्या उसाला आणि चिबड रानाला वेगळा, वाढीव दर पुढच्या करारात लिहून घ्या, आणि जोडीतल्या बाईचं नाव वहीत वेगळं चढवा. फड कसा आहे हे चिटबॉयनं चिठ्ठीवर लिहिलं की हिशोब करणं अवघड नाही. नोंद घेणारा माणूस कारखान्याकडं आजही आहे.