स्मारकनाणे आणि हुतात्मे : द्रोणागिरी परिसराच्या निमित्ताने

‘नाणावलेला’ हा शब्द आपण माणसाविषयी वापरतो. परंतु त्याचे मूळ नाण्याची पारख करणाऱ्या ‘नाणावणे’ या क्रियापदात आहे. नाणे खरे ठरते ते पाडणाऱ्याच्या अधिकाराने. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकासमवेत शिवराई आणि होन ही स्वतःची नाणी आली, ती याच अर्थाने. तेव्हा हुतात्म्यांच्या नावे नाणे काढणे ही केवळ आदरांजली नव्हे. मृत्यूवर राज्यसंस्थेने उमटविलेला तो शिक्का होय.

अमेरिकेत या शिक्क्याला निधिसंकलनाची जोड मिळाली आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या जीर्णोद्धारार्थ १९८६ साली निघालेल्या नाण्यांवर मूळ किमतीशिवाय अधिभार होता : अर्ध्या डॉलरवर २, रुप्याच्या डॉलरवर ७ व सोन्याच्या नाण्यावर ३५ डॉलर. ११ सप्टेंबर २००१ च्या बळींच्या स्मारकासाठी २०११ साली रौप्यपदक निघाले. त्यावरील १० डॉलरांचा अधिभार स्मारकाकडे जावयाचा होता. ते पदक होते, नाणे नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा. पदकावर चलनमूल्य नसते.

आपल्याकडे स्मारकनाण्यांची परंपरा १९६४ च्या नेहरू-नाण्यांपासून सुरू होते. त्यांत बळींचा प्रवेश उशिरा झाला : कोमागाटा मारूच्या शताब्दीनिमित्त २०१४ साली आणि जालियनवाला बागेच्या शताब्दीनिमित्त २०१९ साली. दुसऱ्या प्रसंगी तर क्रम उलटाच दिसतो. बागेची जागा १९२० साली लोकवर्गणीतून घेतली गेली, स्मारकाचे उद्घाटन १९६१ साली झाले, आणि नाणे त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी आले. नाण्याने स्मारक उभे केले नाही. उभ्या स्मारकाला मागाहून मान्यता दिली.

आता करंजाजवळच्या द्रोणागिरीच्या पायथ्याशी येऊ. या डोंगराचे नाव आज नवी मुंबईच्या एका विभागाला आहे. त्या नगरासाठी घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा व दुसऱ्या दिवशी पागोटे येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. उरण तालुक्यातच चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात आठ जण पडले होते. दोन्ही ठिकाणच्या मृतांना लोक ‘हुतात्मा’ म्हणतात. भाषेने भेद केलेला नाही.

राज्यसंस्था मात्र तो करते, असे माझे मत आहे. कोमागाटा मारू व जालियनवाला येथील गोळी परक्या सत्तेची होती. चिरनेरची गोळीही त्याच सत्तेची, म्हणून चिरनेरच्या नाण्याची कल्पना तरी करता येते. १९८४ ची गोळी स्वराज्यातील. ज्या शिक्क्याच्या राज्यात ती सुटली, त्याच शिक्क्याने तिच्या बळींचा गौरव करावा, ही अडचण अधिभाराने सुटणारी नव्हे. फ्लोरा फाउंटनजवळ १९५५ साली पडलेल्यांसाठी महाराष्ट्राने स्मारक उभारले, हे खरे. पण राज्य सरकारला स्मारक उभारता येते, नाणे पाडण्याचा अधिकार केंद्राचा.

आणखी एक बाब जागेची. जालियनवालाचे शंभर रुपयांचे नाणे चव्वेचाळीस मिलिमीटर व्यासाचे आहे. त्यावर घटना मावते, माणसे मावत नाहीत. चिरनेरच्या आठांत नवश्या कातकरी, रामा कोळी, रघुनाथ न्हावी अशी नावे आहेत. आडनावांतून गावातील कोणकोणते समाज त्या दिवशी डोंगरावर गेले होते ते कळते. अभ्यासकाला ही माहिती स्तंभावरून आणि लोकांच्या तोंडून मिळते. नाण्यावरून ती मिळाली नसती.