लेबलापासून करारापर्यंत : किरकोळ विक्रेते, पुरवठादार आणि कार्बन उत्सर्जनाचे मोजमाप (२००५–२०२४)

प्रस्तावना

मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या दुकानांतील दिवे, शीतकपाटे आणि मालमोटारी यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन हा तिच्या व्यापाराशी निगडित उत्सर्जनाचा लहानसा भाग असतो. उरलेला मोठा भाग शेतात, कारखान्यात, वाहतुकीत आणि अखेर ग्राहकाच्या घरात निर्माण होतो. त्यामुळे उत्सर्जन कमी करू पाहणाऱ्या विक्रेत्याला पुरवठादाराच्या दारापर्यंत जावेच लागते. ब्रिटन आणि अमेरिकेतील विक्रेत्यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे पाऊल उचलले. मोजमापाचा उपयोग ग्राहकापेक्षा विक्रेता आणि पुरवठादार यांच्यातील व्यवहारात अधिक झाला, हे त्या प्रयत्नांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

लेबलाचा प्रयोग

जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनमधील टेस्को या विक्री साखळीचे प्रमुख टेरी लेही यांनी आपल्या दुकानांतील सुमारे ७०,००० वस्तूंवर कार्बनचा आकडा छापण्याचा संकल्प जाहीर केला. ज्याप्रमाणे ग्राहक वेष्टनावरील किंमत किंवा उष्मांक पाहतो, त्याप्रमाणे तो कार्बनचा आकडाही पाहील, ही त्यामागील धारणा होती. त्याच वर्षी मार्चमध्ये कार्बन ट्रस्ट या संस्थेने कार्बन लेबलची योजना सुरू केली. वॉकर्स कंपनीच्या बटाट्याच्या वेफर्सच्या ३४.५ ग्रॅमच्या पाकिटावर ७५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असा आकडा झळकला.

आकडा छापायचा तर मोजण्याची पद्धत सर्वमान्य हवी. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने पीएएस २०५० ही मापनपद्धती प्रसिद्ध केली. वस्तूच्या कच्च्या मालापासून तिच्या विल्हेवाटीपर्यंतच्या संपूर्ण जीवनचक्रातील उत्सर्जन तीत गणले जाते. टेस्कोने त्याच वर्षी संत्र्याचा रस, बटाटे, विजेचे दिवे आणि धुलाईची पावडर अशा २० वस्तूंवर लेबले लावली.

मात्र प्रत्येक वस्तूच्या हिशोबासाठी कित्येक महिन्यांचे काम करावे लागे आणि इतर विक्रेते अपेक्षेप्रमाणे या योजनेत उतरले नाहीत. परिणामी, जानेवारी २०१२ मध्ये टेस्कोने लेबलाचा संकल्प सोडून दिला. तोपर्यंत सुमारे ५०० वस्तूंवरच लेबले लागली होती.

मोजमापाने उघड केलेला व्यवहार

केवळ लेबलांच्या संख्येवरून पाहिले तर हा प्रयोग फसला, असेच म्हणावे लागते. तथापि, वॉकर्स कंपनीचा अनुभव वेगळी बाजू दाखवितो. ही कंपनी बटाटे वजनावर खरेदी करीत असे. बटाट्यातील ओलावा टिकला तर वजन टिकते आणि शेतकऱ्याला अधिक पैसे मिळतात. म्हणून साठवणगृहांतील हवा मुद्दाम दमट ठेवली जाई आणि त्यासाठी वीज खर्च होई. पुढे कारखान्यात वेफर्स तळताना तेच पाणी वाफ करून घालविण्यासाठी पुन्हा इंधन जाळावे लागे. एकाच पाण्यासाठी साखळीच्या दोन टोकांना दोनदा ऊर्जा खर्च होत होती आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी तर्कशुद्धच वागत होते.

हा दोष शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाचा नव्हता, तो किंमत ठरविण्याच्या रीतीत होता. शेत ते वेष्टन असा सलग हिशोब मांडल्यावरच तो नजरेस आला. त्यानंतर बटाट्यातील पाण्याऐवजी शुष्क घटकांना मोल देणारी खरेदीची रीत आणण्याकडे कंपनी वळली. २००७ ते २००९ या काळात त्या वेफर्सच्या कार्बनच्या आकड्यात सुमारे ७ टक्के घट नोंदविली गेली. ही घट अनेक उपायांची एकत्रित फलश्रुती होती. तरीही बटाट्याच्या उदाहरणाचा बोध स्पष्ट आहे : ग्राहकाने आकडा वाचला की नाही, यापेक्षा खरेदीदाराने करार बदलला की नाही, हे अधिक निर्णायक ठरते.

वॉलमार्टचा मार्ग

अमेरिकेतील वॉलमार्टने लेबलाऐवजी खरेदीदार म्हणून असलेल्या आपल्या सामर्थ्यावर भिस्त ठेवली. ऑक्टोबर २००५ मध्ये तिचे प्रमुख ली स्कॉट यांनी पर्यावरणविषयक उद्दिष्टे जाहीर केली होती. जुलै २००९ मध्ये कंपनीने पुरवठादारांसाठी १५ प्रश्नांची प्रश्नावली काढली. फेब्रुवारी २०१० मध्ये, २०१५ अखेरपर्यंत पुरवठा साखळीतून २ कोटी टन हरितगृह वायू कमी करण्याचे लक्ष्य ठेवले आणि ते ओलांडल्याचे पुढे जाहीर केले. दरम्यान २०११ मध्ये हरितगृह वायू नोंदीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मूल्यसाखळीतील उत्सर्जनाच्या, म्हणजे 'व्याप्ती ३'च्या, हिशोबाची रीत निश्चित झाली.

एप्रिल २०१७ मध्ये वॉलमार्टने 'प्रोजेक्ट गिगाटन' सुरू केला. २०३० पर्यंत पुरवठादारांच्या साहाय्याने १०० कोटी टन उत्सर्जन टाळणे, हे त्याचे ध्येय होते. ते सहा वर्षे आधीच गाठल्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हा आकडा पुरवठादारांनी स्वतः नोंदविलेल्या उपाययोजनांची बेरीज आहे. 'टाळलेले' उत्सर्जन मोठे असूनही विक्री वाढल्यास एकूण उत्सर्जन कमी होईलच असे नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने आपल्या स्वतःच्या कारभारातील उत्सर्जनाची २०२५ व २०३० ची लक्ष्ये हुकण्याची शक्यता मान्य केली.

निष्कर्ष

या दोन दशकांच्या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, मोजमाप हे साध्य नसून व्यवहारातील दोष दाखविणारे साधन आहे. दुसरी, विक्रेता प्रबळ आणि पुरवठादार दुर्बल असेल तेथे माहिती गोळा करण्याचा भार सहजपणे दुर्बलावर सरकतो, लाभाची वाटणी मात्र अनिश्चित राहते. हा प्रश्न भारतातही उपस्थित झाला आहे. सेबीने २०२३ मध्ये मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांच्या मूल्यसाखळीतील माहितीही प्रकटनाच्या कक्षेत आणली आणि २०२५ मध्ये ती तरतूद ऐच्छिक केली. लहान पुरवठादारांवर पडणारा भार हाच अशा तरतुदींपुढील कळीचा मुद्दा आहे. पुरवठादाराकडून आकडा मागणाऱ्या खरेदीदाराने किंमत, मुदत आणि खरेदीच्या अटी बदलण्याची तयारीही दाखविली पाहिजे. अन्यथा मोजमाप ही कागदोपत्री उरणारी आणखी एक नोंद ठरते.