चॉसर : एका आडनांवाची कुळकथा

आडनांव हें पुष्कळदां पूर्वजांच्या धंद्याचें नांव असतें. धंदा सुटतो, गांव सुटतें. आडनांव मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतें. आपल्याकडील कुलकर्णी गांवचें दप्तर लिहीत नसला तरी कुलकर्णीच म्हणविला जातो. इंग्लंडांतहि असेंच घडलें. 'स्मिथ' म्हणजे लोहार आणि 'टेलर' म्हणजे शिंपी. यांपैकीं पहिला शब्द अस्सल इंग्रजी; दुसरा फ्रेंचांतून आलेला. इ. स. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, तेव्हांपासून दरबारांत व सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच भाषा नांदूं लागली आणि इंग्रजी ही सामान्य रयतेची भाषा होऊन राहिली. 'चॉसर' हें आडनांव याच फ्रेंच अमलाची खूण होय.

लांब मोजे व पादत्राणें यांना जुन्या फ्रेंच भाषेंत जो शब्द होता, त्यावरून तीं तयार करणाऱ्या कारागिराला हें नांव पडलें. परंतु ज्याच्यामुळें तें जगाला ठाऊक झालें, त्या जेफ्री चॉसरच्या घरीं हा धंदा नव्हता. त्याचा बाप जॉन हा लंडनमधील मद्याचा व्यापारी होता.

जेफ्रीचा जन्म १३४० नंतर लवकरच झाला. १३५९ सालच्या फ्रान्सवरील स्वारींत तो शत्रूच्या हातीं सांपडला. त्याच्या सुटकेसाठीं तिसऱ्या एडवर्ड राजानें १६ पौंड दिले. पुढें १३७४ सालीं लंडन बंदरांतील लोकरीच्या जकातीवर त्याची तपासनीस म्हणून नेमणूक झाली. अशा दरबारी मनुष्यानें फ्रेंचमध्यें काव्य केलें असतें तर कोणास नवल वाटलें नसतें. त्याचा स्नेही जॉन गॉवर यानें फ्रेंच, लॅटिन व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत काव्यें रचलीं. न्यायालयांतील वाद इंग्रजींत चालावेत असा कायदा १३६२ सालीं झाला खरा. पण तो कायदाच मुळीं फ्रेंचमध्यें लिहिलेला होता!

अशा काळीं फ्रेंच आडनांवाच्या या कवीनें रयतेची भाषा हातीं घेतली. १३८७ च्या सुमारास त्यानें 'कँटरबरी टेल्स' हें काव्य आरंभिलें. लंडनजवळच्या एका खाणावळींतून यात्रेकरू कँटरबरीस निघतात आणि वाटेनें गोष्टी सांगतात. शूर सरदाराची गोष्ट संपते न संपते तोंच दारू प्यालेला पिठाच्या गिरणीचा मालक आपली गोष्ट पुढें रेटतो. उच्चनीच सर्वांना येथें आपापली वाणी मिळाली. हें काव्य अपुरेंच राहिलें; १४०० सालीं चॉसर निवर्तला.

त्याचा मुलगा टॉमस पांच वेळां कॉमन्स सभेचा अध्यक्ष झाला. टॉमसची एकुलती कन्या ॲलिस ही सफोकची डचेस झाली. तिचा नातू लिंकनचा अर्ल हा तर तिसऱ्या रिचर्ड राजाचा वारस मानला जात असे. तो १४८७ सालीं स्टोकच्या लढाईंत पडला. मोजे विणणाऱ्याचें नांव लावणारें कुळ सिंहासनाच्या पायरीपर्यंत पोंचलें. परंतु टॉमसला पुत्र नसल्यामुळें 'चॉसर' हें नांव त्या शाखेंत १४३४ सालींच, त्याच्या मृत्यूबरोबर, संपलें होतें.

वंशानें सोडलेलें नांव भाषेनें मात्र जतन केलें. कॅक्स्टननें इंग्लंडांत छापखाना घातला, तेव्हां १४७६ च्या सुमारास 'कँटरबरी टेल्स' छापून काढलें. १५९९ सालीं कवि स्पेन्सर यास वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें चॉसरच्या शेजारीं पुरलें आणि त्या कोपऱ्याला पुढें कवींचा कोपरा असें नांव पडलें. कुळाला जें नांव राखतां आलें नाहीं, तें लोकभाषेंतील एका अपुऱ्या काव्यानें राखलें.