अकबरीची बाजू

आमच्या मोहल्ल्यात कादंबऱ्यांवर बोलणाऱ्यांची एक बैठक होती. तिला मंडळ म्हणणे जास्तीचे होईल. मगरिबची नमाज झाली की चार-सहा जण एका शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर टेकत. नगर वाचनालयातून आणलेली कादंबरी या हातातून त्या हातात जाई आणि मग अभिप्राय सुरू होत. "पहिली शंभर पाने झकास, पुढे लेखक थकला." "नायक फार रडतो बुवा." "नायिका एवढी शहाणी होती तर लग्नाला हो का म्हणाली?" चहा येईपर्यंत निकाल लागलेला असे.

वाङ्मयाच्या इतिहासात असल्या बोलण्याला जागा नसते. तिथे ग्रंथांची नावे असतात, सनावळी असते, समीक्षकांचे वाद असतात. पुस्तक मिटल्यावर वाचणारा शेजाऱ्याला काय म्हणाला, याची नोंद कोण ठेवणार? पण उर्दू कादंबरीच्या बाबतीत ही नोंद थोडीबहुत सापडते. कारण तिचा आरंभच मुळी घरातल्या वाचकांच्या आवडीनिवडीतून झाला.

मराठीत बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली आले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६९ साली, नझीर अहमद यांचे 'मिरातुल उरूस' प्रसिद्ध झाले. त्यालाच सामान्यतः उर्दूतली पहिली कादंबरी मानतात. नझीर अहमद सरकारी नोकर होते, पुढे डेप्युटी कलेक्टर झाले. भारतीय दंडसंहितेच्या उर्दू तर्जुम्यातही त्यांचा हात होता. मुलींनी वाचावे असे पुस्तक घरात नाही, म्हणून त्यांनी स्वतःच आपल्या मुलींसाठी थोडे थोडे लिहायला घेतले. मुलींना गोडी लागली, त्या पुढच्या भागासाठी तगादा लावू लागल्या. पुढची हकिकत त्यांच्या चरित्राला धरून सांगतात ती अशी, की शिक्षणखात्याचे संचालक केम्पसन दौऱ्यावर आले असता त्यांची गाठ नझीर अहमद यांच्या लहान मुलाशी पडली. काय वाचतोस, असे साहेबांनी विचारले. मुलाने आपल्या पुस्तकाचे नाव सांगितले आणि बहिणीचे पुस्तक याहून मजेदार आहे, असेही सांगून टाकले. हस्तलिखित साहेबांच्या हाती गेले. सर विल्यम म्यूर यांच्या सरकारने १८६८ साली उपयुक्त पुस्तकांसाठी बक्षिसे जाहीर केली होती; त्यातून एक हजार रुपये मिळाले, सरकारने दोन हजार प्रती घेतल्या आणि म्यूरसाहेबांनी स्वतःतर्फे एक घड्याळ दिले. हकिकतीला थोडे मीठमसाला लागले असेलही. पण उर्दू कादंबरीवरचा पहिला अभिप्राय एका पोराने दिला, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

कथा दिल्लीतल्या दोन बहिणींची. थोरली अकबरी लाडावलेली, भांडकुदळ. एक भामटी हज्जन येऊन तिचे दागिने लुबाडून नेते. धाकटी असगरी हिशेबी, गोड बोलणारी. सासरी नोकरीण मामा अजमत हिची चोरी पकडते, घराची घडी बसवते, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवू लागते. लेखकाचा कौल उघड आहे. असगरी होऊन दाखवा.

वाचणाऱ्या बायांनी हा कौल मान्य केला का? वरवर तर केला. दोन्ही नावे घरोघर पोहोचली. फूहड मुलीला अकबरी म्हणायची रीत पडली. आमच्या दादीजानना उर्दू वाचता येत असे, लिहिता येत नसे. त्या काळी पुष्कळ घरांत मुलींना एवढेच शिकवत. लिहिता आले तर पत्रे लिहितील ही भीती. त्यांच्या पेटीत हे पुस्तक होते. दुपारी त्या ते मोठ्याने वाचत आणि फुफी, खाला, शेजारच्या बाया ऐकत. दागिने जाण्याच्या जागी पोहोचल्या की दादीजान थांबत आणि म्हणत, "बेचारी कू किसीने सिखाया इच नहीं, तो उसका क्या कसूर?" नझीर अहमद यांना हा अभिप्राय पसंत पडला नसता. आम्हाला मात्र तो पटतो. असगरी एकही चूक करत नाही. अशा बाईबरोबर एक दिवस काढणेसुद्धा कठीण.

पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी तर अभिप्राय म्हणून कादंबरीच लिहिली. 'मिरातुल उरूस' वाचून त्यांना लिहावेसे वाटले. 'इस्लाहुन्निसा' १८८१ साली लिहून झाली, पण छापली गेली १८९४ साली, मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर. त्यातही लेखिकेचे नाव नाही. बॅरिस्टर सुलेमान यांची आई, एवढीच ओळख. उर्दूतल्या पहिल्या स्त्री कादंबरीकाराचे हे नशीब! तेरा वर्षे हस्तलिखित घरात पडून राहिले, हा आकडा आमच्या मनातून जात नाही.

कादंबरीवर राग धरणारेही त्याच घरांत होते. गंमत अशी, की त्यात खुद्द नझीर अहमदही येतात. त्यांच्या 'तौबतुन्नुसूह'मध्ये पटकीतून वाचलेला बाप पश्चात्तापाच्या भरात थोरल्या मुलाचा, कलीमचा, किस्से-शायरीचा सारा संग्रह जाळतो. लेखकाची सहानुभूती बापाकडे. पण वाचकाचे मन कलीमच्या राखेपाशी घोटाळत राहते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये मुलींनी कोणती पुस्तके वाचू नयेत याची यादी दिली. कादंबऱ्या तर त्यांनी वर्ज्य ठरवल्याच, पण नझीर अहमद यांच्या चार पुस्तकांविषयीही सावधान केले: त्यांत शहाणपणाच्या गोष्टी आहेत खऱ्या, पण दीन कमजोर करणाऱ्या गोष्टीही आहेत. म्हणजे ज्याने काल्पनिक ग्रंथालय जाळले, त्याचीच पुस्तके वर्ज्यांच्या शेजारी बसली. दादीजानच्या पेटीत 'बहिश्ती जेवर' आणि 'मिरातुल उरूस' एकाच रुमालात बांधलेली होती. दोघांचे पटत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे आम्ही म्हणणार नाही.

मिर्झा हादी रुसवा यांनी १८९९ साली 'उमराव जान अदा' लिहिली आणि त्याच वर्षी 'जुनून-ए-इंतेजार' नावाची छोटी पुस्तिका काढली. तिच्यात उमराव लेखकावर सूड उगवते, त्याचेच गुपित चव्हाट्यावर मांडते. आपल्याला लिहिणाऱ्याला बाईने जाब विचारावा, ही कल्पना एका पुरुषाला सुचली, हेही नसे थोडके.

पण बायांना स्वतःच्या नावाने, निदान 'अमक्याची मुलगी' म्हणून, छापील अभिप्राय देण्याची जागा मिळाली ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या साप्ताहिकात. सय्यद मुमताज अली आणि मुहम्मदी बेगम या जोडप्याने ते १८९८ साली सुरू केले. संपादक मुहम्मदी बेगम. आरंभी फुकट पाठवलेले अंक काही सद्गृहस्थांनी वेष्टनावर शिव्या लिहून परत केले. तरी ते पत्र पन्नासएक वर्षे चालले. पडद्यात बसलेल्या बाया पत्रे लिहीत आणि एकमेकींना 'तहजीबी बहन' म्हणत. मुहम्मदी बेगम स्वतः कादंबऱ्या लिहीत. त्या १९०८ साली अल्पवयातच वारल्या. कुर्रतुल ऐन हैदर यांच्या आई नजर सज्जाद हैदर याच वर्तुळातून कादंबरीकार म्हणून पुढे आल्या. दिल्लीतून राशिदुल खैरी यांचे 'इस्मत' १९०८ साली निघाले, तेही याच वाटेने.

आता पुन्हा आमच्या फळीकडे. हमीद दलवाई यांची 'इंधन' प्रसिद्ध झाली १९६५ साली. आमच्या बैठकीत ती काही वर्षांनी आली. कोकणातले गाव, आपलीच माणसे, आणि त्यांचे हिंदू शेजाऱ्यांशी बिघडत जाणारे संबंध. त्या आठवड्यात फळीवर आवाज चढले. खरे सांगायचे तर कादंबरीवर कोणी बोललेच नाही. जो तो दलवाईंवर बोलला. दोघांनी पुस्तक उघडलेही नव्हते. एकाने ते परत करून टाका म्हटले. इतर वेळी नायक रडका की लढाऊ यावर तासभर घालवणाऱ्यांना इथे नायक आठवेना.

पुस्तक परत करण्याआधी चार दिवस आमच्या घरी राहिले. अम्मींना मराठी वाचता येई, सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या. वाचून त्यांनी पुस्तक उशाशी ठेवले आणि म्हणाल्या, "बुरा लगा ना तुम लोगां को? पन झूठ कहाँ लिख्या, वो बताव." दुसऱ्या दिवशी फळीवर आम्ही हेच विचारले. थोडा वेळ शांतता पसरली. मग एकाने आमची पाठ थोपटली आणि मुद्दा बिनतोड आहे म्हणाला. तो अम्मींचा आहे, हे आम्ही तेव्हा सांगितले नाही. त्याआधीही कितीतरी कादंबऱ्यांवरची त्यांची मते आम्ही आपली म्हणून त्या फळीवर खपवली होती.